नातवंडांची फिट आणि औषधाची वेळ

 

टोरांटोच्या वायव्येला असलेल्या आमच्या ब्रॅम्पटन शहरात २०२१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यांत भारतातून आलेली कुटुंबे पुष्कळ. मुलगा-सून सकाळी कामावर निघून जातात, पाळी असेल तर रात्रीही घरी नसतात, आणि नातवंडे आजी-आजोबांच्या हवाली असतात. आमच्या घरीही तसेच आहे. आमच्या आठ वर्षांच्या नातवाला अपस्मार आहे. त्याला सकाळी सात आणि संध्याकाळी सात असे दोन वेळा औषध द्यावे लागते. संध्याकाळचे औषध आम्ही देतो.

लोद, दिमोना, ठाणे अशा ठिकाणांहून नातलगांचे फोन येतात, तेव्हा दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "पुन्हा फिट येईल का?" दुसरा, "इतक्या लहान मुलाला इतकी वर्षे औषध कशाला? बंद करून बघा." दोन्ही प्रश्न मायेपोटी विचारलेले असतात. पण दुसऱ्या प्रश्नात जो सल्ला दडलेला आहे, त्यातून मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांकडून, नर्सकडून आणि औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टकडून आम्हाला जे समजले व जे आम्ही वाचले, ते आमच्या वयाच्या वाचकांसाठी येथे मांडत आहोत.

फिट म्हणजे काय

आपल्या लहानपणी कोकणात कोणी फेफरे म्हणत, कोणी आकडी म्हणत, कोणी बाहेरची बाधा समजत. खरे पाहता मेंदूच्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विजेच्या लहरींनी बोलतात. काही क्षण पुष्कळ पेशी एकदम, ताळ सोडून, लहरी सोडू लागल्या की फिट येते. लहरी कोठे सुटल्या यावर फिटचे रूप ठरते. साऱ्या मेंदूत पसरल्या तर मूल ताठ होते, पडते, हातपाय झडू लागतात. एकाच भागात राहिल्या तर फक्त तोंडाची एक बाजू किंवा एक हात हलतो. काही मुले पडतच नाहीत. दहा-पंधरा सेकंद टक लावून बघतात, पापण्या फडफडतात, आणि मग काही झालेच नाही अशी पुढे खेळू लागतात. शाळेत बाई म्हणतात, "लक्ष देत नाही." हीसुद्धा फिटच असते, आणि दिवसात ती अनेकदा येऊ शकते.

प्रत्येक फिट म्हणजे अपस्मार नव्हे, हे आजी-आजोबांनी नीट ध्यानात घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप चढताना फिट येणे बरेच आढळते. शंभर मुलांतील दोन ते पाच मुलांना असे होते. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते, पण वय वाढले की बहुतेकांची ही सवय जाते, आणि त्यांना रोजचे औषध सहसा देत नाहीत.

ताप, डोक्याला मार किंवा रक्तातली साखर उतरणे असे तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या तर डॉक्टर अपस्मार म्हणतात. २०१४ साली जागतिक तज्ज्ञ संघटनेने व्याख्येत भर घातली. आता एकच फिट आली, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता शंभरात साठ किंवा अधिक दिसत असेल, तरीही अपस्मार म्हणता येते. ही शक्यता ई.ई.जी., एम.आर.आय. आणि मुलाची एकूण तपासणी पाहून ठरवतात. म्हणून फिट कशी आली, किती वेळ चालली, डोळे कोणत्या बाजूला वळले, हे पाहणाऱ्याने सांगितलेले वर्णन फार मोलाचे असते. फोनवर चित्रण करता आले तर उत्तम.

पुन्हा येईल का

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डॉ. श्लोमो शिन्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली विनाकारण फिट आलेल्या ४०७ मुलांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले. त्यांचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. शंभरातील सुमारे २९ मुलांना वर्षभरात, ३७ मुलांना दोन वर्षांत आणि ४२ मुलांना पाच वर्षांत दुसरी फिट आली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना दुसरी आलीच नाही. ज्यांना आली, त्यांतल्या निम्म्यांना ती पहिल्या सहा महिन्यांतच आली. ई.ई.जी. बिघडलेला असेल, मेंदूला पूर्वी इजा झालेली असेल, किंवा पहिली फिट झोपेत आलेली असेल, तर शक्यता वाढते.

दुसरी फिट आली की हिशेब पालटतो. तिसरी येण्याची शक्यता पाच वर्षांत शंभरात सत्तरच्या घरात जाते. यावरून एक गोष्ट कळते. पहिल्या फिटनंतर डॉक्टर बहुतेकदा "थांबून पाहू" म्हणतात, तो हलगर्जीपणा नसतो. आणि दुसरीनंतर औषध सुरू करतात, तेव्हा तो उतावीळपणाही नसतो. पहिल्या फिटनंतर लगेच औषध दिल्याने जवळची फिट टळते, पण दूरच्या काळात अपस्मार राहील की जाईल यावर फारसा फरक पडत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे.

अपस्मार कोणत्या जातीचा आहे हेही पाहावे लागते. एका प्रकारात मुलाला पहाटे झोपेत तोंडाच्या एका बाजूला झटके येतात आणि लाळ गळते. हा प्रकार सोळाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्वांचा आपोआप जातो. दुसऱ्या प्रकारात किशोरवयात सकाळी उठल्यावर हात झटकून पेला खाली पडतो. हा सहसा आपोआप जात नाही, आणि औषध पुष्कळ वर्षे घ्यावे लागते. म्हणून शेजारच्या मुलाचे औषध दोन वर्षांत सुटले, आमच्याचे का नाही, अशी तुलना करू नये.

औषध काय करते

औषध अपस्मार मुळातून उपटून टाकत नाही. ते मेंदूच्या विजेला लगाम घालते. रक्तात औषधाची पातळी जोवर टिकते, तोवर लगाम टिकतो. वेळ चुकली की लगाम सैल पडतो. घड्याळाला इतके महत्त्व आहे ते यामुळेच.

पहिले उपयुक्त औषध ब्रोमाइड १८५७ साली आले. फेनोबार्बिटोन १९१२ साली आणि फेनिटोइन १९३८ साली आले. आपल्यापैकी अनेकांनी मुंबईच्या दवाखान्यांत ही शेवटची दोन नावे ऐकलेली असतील. त्यांनी सुस्ती येते, हिरड्या फुगतात, ही आठवण आपल्या मनात बसलेली आहे, आणि "मूल मंद होईल" ही भीती बरीचशी तिथूनच आली आहे. आज निवड मोठी आहे: व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसिटाम, इथोसक्सिमाइड. टक लावून बघण्याच्या फिटसाठी २०१० साली अमेरिकेत तीन औषधांची तुलना झाली. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही अधिक गुणकारी ठरली, आणि इथोसक्सिमाइडने मुलांच्या एकाग्रतेवर कमी परिणाम केला. उलट कार्बामाझेपिनने या प्रकारच्या फिट वाढू शकतात. म्हणून एका मुलाची बाटली दुसऱ्या मुलाला कधीही देऊ नये.

गुण किती येतो? ग्लासगो शहरात ५२५ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात लहान-मोठे सर्व वयांचे रुग्ण होते. शंभरातील ४७ जणांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, आणि पुढची औषधे धरून एकूण सुमारे ६४ जणांच्या थांबल्या. दर तिघांतले जवळजवळ दोघे, असे म्हणता येईल.

त्रासही सांगायला हवेत. लेव्हेटिरॅसिटामने काही मुले चिडचिडी, हट्टी होतात. मूल "बिघडले" म्हणून त्याला रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा. लॅमोट्रिजिन आणि कार्बामाझेपिन यांनी अंगावर पुरळ आले, विशेषतः तोंडात फोड किंवा ताप असला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आशियाई वंशाच्या काही लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे कार्बामाझेपिनची ही प्रतिक्रिया गंभीर होते. अमेरिकेच्या औषध खात्याने २००७ साली त्याविषयी इशारा दिला आहे, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणीबद्दल विचारावे. व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढते, क्वचित यकृताला त्रास होतो. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत त्याचा वेगळा विचार करावा लागतो, कारण गर्भारपणी ते घेतल्यास बाळात व्यंग राहण्याची शक्यता बरीच वाढते. अशी गोष्ट मुलीच्या आईशी डॉक्टरांनी आधीच बोललेली बरी. पण काहीही त्रास दिसला तरी औषध आपल्या मनाने थांबवू नये.

एकाएकी थांबवले तर काय होते? दाबून धरलेली वीज उसळते. एकामागून एक फिट येतात, मध्ये शुद्ध येत नाही, आणि मुलाच्या जिवाला धोका होतो. फार क्वचित, झोपेत अचानक मृत्यूही येतो. मुलांत याचे प्रमाण वर्षाला साडेचार हजारांत एक इतके मानले जाते. घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मोठ्या फिट औषधाने काबूत ठेवणे हाच हा धोका कमी करण्याचा ठाऊक असलेला मार्ग आहे, म्हणून लिहितो.

औषध कधीच सुटत नाही असेही नाही. साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर ई.ई.जी. पाहून ते काही आठवडे ते काही महिने हळूहळू उतरवतात. अशा मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पुढेही बरी राहतात. औषध थांबवता येते, मात्र ते डॉक्टरांच्या हाताने आणि पायरीपायरीने.

आमच्या हातात काय आहे

पहिले म्हणजे माप. सिरप घरच्या चमच्याने देऊ नये. दुकानातून मिळणारी मापाची पिचकारी वापरावी. देश बदलला की सिरपची शक्तीही बदलते. कॅनडात व्हॅल्प्रोएटच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम औषध असते, भारतात मिळणाऱ्या सिरपमध्ये पुष्कळदा २०० मिलिग्रॅम असते. मूल सुट्टीत ठाण्याला गेले आणि तिथली बाटली "तेवढीच" दिली, तर औषध कमी पडते. मिलिलिटर आणि मिलिग्रॅम दोन्ही कागदावर लिहून ठेवा. मुलाचे वजन वाढले की मात्राही पुन्हा पाहावी लागते.

दुसरे म्हणजे प्रवास. आमच्या घड्याळात सकाळचे सात वाजतात तेव्हा इस्रायलमध्ये बहुतेक दिवस दुपारचे दोन वाजलेले असतात, आणि भारतात उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. वेळ कशी सरकवायची हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे. औषध हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानात नको. जाग्रणाने फिट ओढवते, म्हणून विमानातून उतरल्यावर पाहुण्यांची रांग लावू नये. मुलाला आधी झोपू द्यावे.

तिसरे म्हणजे खाणे. कार्बामाझेपिन घेणाऱ्या मुलाला ग्रेपफ्रूट, म्हणजे इस्रायलमधले एश्कोलित, देऊ नये. त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते. बाकी पोळी, आमटी, नारळाच्या दुधातली सागुती, मलिद्याचा प्रसाद हे सारे चालते. काही औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडांसाठी ड जीवनसत्त्व कमी पडते, आणि इथल्या लांबलचक हिवाळ्यात ऊनही कमी मिळते. त्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

चौथे म्हणजे उपास आणि शाबाथ. बार मित्स्वाच्या वयाआधी मुलाला योम किप्पूरचा उपास लागू नाही. त्यानंतरही औषध घेणाऱ्या मुलाने डॉक्टर आणि रब्बी दोघांना विचारूनच ठरवावे. जीव वाचवण्यासाठी, पिक्कुआख नेफेशसाठी, शाबाथ मोडण्याची नुसती मुभा नाही, ते कर्तव्यच आहे. शुक्रवारी संध्याकाळी फिट थांबली नाही तर फोन उचलताना क्षणभरही विचार करू नये.

पाचवे म्हणजे पुड्या. "मुळापासून बरे करतो" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेले आढळल्याची प्रकरणे भारतात घडली आहेत. आत किती औषध आहे हे ठाऊक नसताना ते मुलाला देणे म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणे.

खर्चाविषयी एक शब्द. ओंटारियोत २०१८ पासून ओहिप प्लस ही योजना आहे. ज्या मुलांना आणि तरुणांना खासगी विमा नाही, त्यांना चोवीस वर्षे पूर्ण झालेल्या वयापर्यंत यादीतली औषधे फुकट मिळतात. डोस चुकला किंवा औषध दिल्यावर मुलाला उलटी झाली, तर अंदाजाने दुसरा डोस देऊ नये. फार्मासिस्टला विचारावे, किंवा रात्री-अपरात्री ८११ या क्रमांकावर नर्सशी बोलावे. इस्रायलमध्ये आपल्या कुपत होलीममध्ये विचारावे.

फिट आली तर

घड्याळ पाहा. मुलाला जमिनीवर एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, हातात किल्ली देऊ नका. फिट तिच्या वेळेने थांबते, आणि किल्लीला उगाच श्रेय मिळते. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत संपतात. त्यानंतर मूल गुंगीत असते, त्याला झोपू द्या आणि जवळ बसा.

फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, श्वास नीट चालत नसला, पाण्यात फिट आली किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट असली, तर इथे ९११, इस्रायलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८ लावा. काही मुलांसाठी डॉक्टर घरी तातडीचे औषध देऊन ठेवतात. ते मिडाझोलाम असेल तर नाकात किंवा गालात, लोराझेपाम असेल तर गालात किंवा जिभेखाली देतात. हे देण्याची रीत आजी-आजोबांनीही नर्ससमोर शिकून घ्यावी, कारण वेळ येईल तेव्हा घरी आपणच असू.

मुलाला टबमध्ये एकटे सोडू नये. शॉवर बरा, आणि दाराला कडी नको. पोहायला जाऊ द्यावे, पण नजर ठेवणारा मोठा माणूस पाण्याजवळच हवा. ओंटारियोच्या शाळांत २०१८ पासून अपस्मार असलेल्या मुलासाठी काळजीची लेखी योजना करण्याचा नियम आहे. ती योजना शाळेत आहे ना, हे सुनेला आठवणीने विचारा.

आपण डुकराचे मांस खात नाही, तरीही

भारतात मुलांना फिट येण्याचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत बसलेली पट्टकृमीची अळी. हा कृमी डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो, म्हणून आपल्यातले लोक म्हणतात, आपल्याला काय भय? पण मेंदूत अळी जाते ती कृमीच्या अंड्यांमुळे. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याचे हात अस्वच्छ असले, तर अंडी अन्नात उतरतात. न्यूयॉर्कच्या धर्मनिष्ठ यहुदी वस्तीतच असे रुग्ण आढळले आणि १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात त्यांची नोंद झाली. त्यांनी डुकराचे मांस कधी खाल्ले नव्हते. म्हणून मूल भारतात जाऊन आले असेल तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. कच्ची भाजी नीट धुवावी आणि हात साबणाने धुवावेत. या आजारावर उपाय आहेत, आणि पुष्कळ मुलांचे औषध पुढे सुटते.

दोन औषधांनीही फिट थांबल्या नाहीत तर

तेव्हा तिसऱ्या-चौथ्या औषधाची वाट पाहत वर्षे घालवू नयेत, विशेष केंद्रात जावे. आमच्या भागातली मुले टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात जातात. हे रुग्णालय १८७५ साली सुरू झाले. फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून उठत असली तर शस्त्रक्रियेने ती थांबू शकते. या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक डॉ. वाइल्डर पेनफिल्ड, यांनी १९३४ साली याच देशात माँट्रियल येथे मेंदूची संस्था उभारली. भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय असा एक आहारही १९२१ पासून वापरात आहे. तो आहार तराजूवर मोजून आणि रक्त तपासत देतात. घरी तूप-खोबरे वाढवून तो होत नाही.

लपवू नका

जुन्या हाखामांनी फिट येणाऱ्या घराण्याशी सोयरीक करताना जपून राहायला सांगितले होते. त्या काळी ना ई.ई.जी. होता, ना औषध. आज ठाऊक आहे की आईला किंवा बापाला अपस्मार असला तरी शंभरातील नव्वदाहून अधिक मुलांना तो होत नाही. भारतात विवाहाच्या कायद्यांतून अपस्माराची अट १९९९ साली काढून टाकण्यात आली. इथे कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या कॅसिडी मेगन या मुलीने, जिला स्वतःला अपस्मार होता, २००८ साली २६ मार्चचा जांभळा दिवस सुरू केला, आणि २०१२ साली संसदेने त्याचा कायदा केला. एका लहान मुलीने जे उघड सांगितले ते आपण मोठ्यांनी का दडवावे? दडवले की शाळेला कळत नाही, शेजाऱ्याला कळत नाही, आणि फिट येते तेव्हा मदतीला कोणी नसते.

आम्ही फ्रिजवर एक कागद लावला आहे. तुम्हीही लावा. त्यावर मुलाचे नाव व वजन, औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर, दोन्ही वेळा, तातडीचे औषध कोठे ठेवले आहे, डॉक्टरांचा आणि आई-बापाचा फोन, आणि "पाच मिनिटे झाली की ९११" इतके मोठ्या अक्षरांत असू द्या. खाली रोजच्या तारखेसमोर खूण करायला जागा ठेवा. दिले की नाही असा संशय आला, की त्या खुणेकडे पाहता येते. नातवंडाला उदंड आयुष्य लाभो ही आपली तेफिला आहेच. तिच्यासोबत ही खूण रोज पडू द्या.